‘गो ऑफ’ कळायला ‘सुटणे’ पुरेसं आहे

माझी भाची मिरजेत नर्सिंग शिकली आणि इंग्लंडमधल्या एका हॉस्पिटलात नोकरीला लागली. तिथल्या पहिल्या रात्रपाळीनंतर तिचा फोन आला. आवाज रडवेला. “मावशी, मला इंग्रजी येत नाही गं.” दहावीला इंग्रजीत नव्वदच्या वर मार्क पडलेली, तिकडे जाण्यासाठीची इंग्रजीची परीक्षा पहिल्या फटक्यात पास झालेली ही मुलगी. म्हटलं, झालं काय?

ड्युटी बदलताना आधीच्या सिस्टरने सांगितलं होतं, “द पंप अलार्म वेंट ऑफ ट्वाइस.” सलाईनच्या पंपाचा अलार्म दोनदा बंद पडला असं समजून हिने पंप नादुरुस्त आहे अशी नोंद केली. खरं तर अलार्म दोनदा वाजला होता. मग चहाच्या वेळी कुणीतरी म्हणालं, “डोंट यूज दॅट मिल्क, इट्स गॉन ऑफ.” हिला वाटलं, दूध संपलं. पण बाटली तर अर्धी भरलेली दिसत होती. थोड्या वेळाने तिने एका डॉक्टरांची चौकशी केली तर उत्तर आलं, “ही हॅज गॉन ऑफ.” म्हणजे त्यांची ड्युटी संपली, ते घरी गेले. आणि मग पहाटे दोनच्या सुमाराला सहा नंबरच्या बेडवरच्या आजोबांबद्दल सोबतची नर्स हळूच म्हणाली, “ही हॅज जस्ट गॉन ऑफ.”

“मावशी, मला वाटलं आजोबा गेले. मी धावत सुटले.”

आजोबा गाढ झोपले होते. दिवसभर डोळ्याला डोळा लागला नव्हता, आत्ता कुठे झोप लागली होती, एवढंच ती नर्स सांगत होती.

एका रात्रीत चार वेळा तोच शब्द आणि चार वेगळे अर्थ. मी गेली अनेक वर्षं मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते, आणि अशा प्रसंगी आम्ही शिक्षक काय करतो तेही मला ठाऊक आहे. आम्ही यादी देतो. ‘गो ऑफ’ म्हणजे एक, वाजणे, दोन, फुटणे, तीन, बंद होणे, चार, नासणे, पाच, निघून जाणे, सहा, झोप लागणे, सात, मन उडणे, आठ, पार पडणे. विद्यार्थी ती यादी वहीत उतरवून घेतात, पाठ करतात आणि रात्री दोन वाजता वॉर्डात उभं राहिल्यावर त्यातलं काहीही आठवत नाही. आठवणार कसं? ‘वाजणे’ आणि ‘बंद होणे’ एकाच शब्दाचे अर्थ म्हणून शेजारी-शेजारी ठेवले की डोक्याला ते पटतच नाही. न पटलेलं टिकत नाही.

भाचीला मी त्या दिवशी फोनवर यादी दिली नाही. तिच्याच वाक्यातला एक शब्द तिला परत दिला. ती म्हणाली होती, “धावत सुटले.” म्हटलं, हा ‘सुटणे’ घट्ट धरून ठेव.

आधी थोडं या क्रियापदांविषयी. इंग्रजीत एखादं साधं क्रियापद घ्यायचं, गो, कम, टेक, पुट, सेट, गेट असं, आणि त्यामागे ऑफ, ऑन, अप, आउट, इन असा एक चिमुकला शब्द जोडायचा. दोघांचा मिळून जो अर्थ होतो तो दोघांच्या बेरजेपेक्षा वेगळाच निघतो. या जोड्यांना फ्रेझल व्हर्ब म्हणतात. हे नाव काही फार जुनं नाही. १९२५ साली लोगन पिअर्सॉल स्मिथ या लेखकाने ते आपल्या पुस्तकात वापरलं आणि ते आपल्याला ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचवलं असं नोंदवून ठेवलं. दुखणं मात्र त्याहून बरंच जुनं. डॉक्टर सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ साली आपला इंग्रजी कोश काढला, तेव्हा प्रस्तावनेतच लिहून ठेवलं की क्रियापदामागे असा शब्द लावून अर्थ बदलायची आपल्या भाषेची जी सवय आहे, तिचा परक्या माणसांना सगळ्यात जास्त त्रास होतो. त्यांनी दिलेल्या उदाहरणांत ‘कम ऑफ’, ‘फॉल ऑफ’, ‘ब्रेक ऑफ’, ‘सेट ऑफ’, ‘टेक ऑफ’ अशी ऑफची रांगच आहे. म्हणजे माझ्या भाचीची अडचण कोशकारांनी पावणेतीनशे वर्षांपूर्वी मान्य केलेली आहे. कमीपणा वाटून घ्यायचं काही कारण नाही.

आपण शिकताना चुकतो ते इथे: आपलं सगळं लक्ष ‘गो’वर असतं. गो म्हणजे जाणे, मग अलार्म ‘गेला’ म्हणजे बंदच पडला असणार. आपल्याकडे लाईट जाते, नोकरी जाते, माणूस जातो, आणि प्रत्येक वेळी काहीतरी नाहीसं होतं. पण या जोडीत गो नुसता हमाल आहे. अर्थाचं ओझं ऑफच्या अंगावर आहे.

ऑफचा मूळ अर्थ, जिथे टेकलेलं, चिकटलेलं, अडकलेलं होतं तिथून वेगळं होणं. टोपी डोक्यावर आहे तोवर ती ‘ऑन’, काढली की ‘ऑफ’. बटण शर्टाला आहे तोवर ठीक, तुटून पडलं की ‘केम ऑफ’. पृष्ठभाग आणि वस्तू यांची संगत सुटली की ऑफ. हे मनात पक्कं ठेवलं की ‘गो ऑफ’चा सरळ मराठी अनुवाद ‘जाणे’ राहत नाही, ‘सुटणे’ होतो.

आता ‘सुटणे’कडे बघा. गाठ सुटते. गाडी सुटते. शाळा सुटते. कैदी सुटतो. गणित सुटतं, कोडं सुटतं. नोकरी सुटते. व्यसन सुटतं. उपास सुटतो. पोट सुटतं. घाम सुटतो. वारा सुटतो. मोगऱ्याचा वास सुटतो आणि चिंच पाहिली की तोंडाला पाणी सुटतं. धनुष्यातून बाण सुटतो. रागात ताबा सुटतो. बाई बाळंतपणातून सुखरूप सुटली, असं आमच्या आजीच्या पिढीतल्या बायका म्हणायच्या. सतरा झाले, अजून निघतील. मराठी शिकणाऱ्या एखाद्या जर्मन मुलीला हे सगळं यादी करून पाठ करायला सांगितलं तर ती रडकुंडीला येईल. आपल्याला ही यादी कुणी दिली नाही, तरी आपण चुकत नाही. कारण प्रत्येक ठिकाणी आपल्याला मुळातलं चित्र दिसतं: काहीतरी बांधलेलं, धरलेलं, अडवलेलं होतं, ते मोकळं झालं.

आणि ‘वाजणे’ आणि ‘बंद होणे’ एकाच शब्दात कसं, हे ज्यांना पटत नाही त्यांनी दोन वाक्यं शेजारी ठेवून पाहावीत. ‘वारा सुटला’ म्हणजे वारा सुरू झाला. ‘शाळा सुटली’ म्हणजे शाळा संपली. एकच क्रियापद, एकीकडे सुरुवात, एकीकडे शेवट, आणि आपल्याला यात आजवर काही खटकलं नाही. बांधलेलं मोकळं झालं की काही वेळा ते उसळून बाहेर येतं आणि काही वेळा जे चाललं होतं ते थांबतं. ‘गो ऑफ’चं हेच आहे.

अलार्मचं कोडं उलगडायचं तर आधी बंदुकीकडे जावं लागेल. इंग्रजीत बंदुकीला ‘गो ऑफ’ लावण्याची रीत सोळाव्या शतकापासून दिसते. जुन्या चकमकीच्या बंदुकीत गारगोटी धरलेला घोडा असायचा. तो मागे ओढला की आतली कमान ताणली जायची आणि घोडा एका खाचेत अडकून राहायचा. सगळा जोर त्या खाचेत दबा धरून बसलेला. चाप ओढला की खाचेतून घोडा निसटायचा, गारगोटी पोलादावर आपटायची, ठिणगी पडायची, दारू पेटायची आणि बार उडायचा. या सगळ्या साखळीतला पहिला क्षण कुठला? घोडा खाचेतून सुटणे. तिथेच ऑफ आहे. द गन वेंट ऑफ.

त्या बंदुकीला मधली एक खाचही असायची. घोडा अर्धाच मागे ओढून तिथे ठेवायचा, म्हणजे बंदूक सुरक्षित राहायची, चुकून उडायची नाही. पण खाच झिजलेली असली तर घोडा तिथूनही निसटायचा आणि नेम धरायच्या आत बार उडून जायचा. इंग्रजीत पूर्ण तयारीशिवाय घाईने काही करून बसणाऱ्याला ‘गो ऑफ हाफ-कॉक्ड’ म्हणतात ते यावरूनच. आज ही म्हण वापरणाऱ्या बहुतेकांनी चकमकीची बंदूक पाहिलेली नसते. पण शब्द ती आठवण धरून आहेत.

बंदुकीवरून ‘गो ऑफ’ बॉम्बला लागला, फटाक्याला लागला, आणि त्याच ओळीत अलार्म आला. ज्यांच्या घरी चावीचं गजराचं घड्याळ होतं त्यांनी ते कधीतरी उघडून पाहिलं असेल. त्यात दोन स्प्रिंगा असतात. एक काटे चालवते आणि दुसरी फक्त गजरासाठी असते, म्हणून तर मागे चावीही दोन ठिकाणी द्यावी लागे. रात्री गजराची चावी पिळली की ती स्प्रिंग ताणली जाते, पण घंटेवर आपटणारा छोटा हातोडा एका पट्टीने अडवून धरलेला असतो. लावलेली वेळ झाली की आतल्या चाकाची खाच बरोबर जागेवर येते, पट्टी सरकते, हातोडा मोकळा होतो आणि स्प्रिंग उलगडेपर्यंत घंटा बडवत सुटतो. बंदुकीचा घोडा आणि घड्याळातला हातोडा यांची यंत्रणा एकाच जातीची आहे: ताणून ठेवलेला जोर, अडवणारी एक खाच किंवा पट्टी, आणि ती सुटण्याचा क्षण. म्हणून द अलार्म वेंट ऑफ. आज मोबाईलमध्ये ना स्प्रिंग ना हातोडा, तरी शब्द तोच राहिला.

शिवाय अलार्म हा शब्दच मुळात लढाईतला. इटालियन भाषेत ‘आल आर्मे’ म्हणजे शस्त्रं उचला, अशी हाक. तिच्यापासून हा शब्द झाला. आपण त्यालाच गजर म्हणतो. गजर विठ्ठलनामाचा, ज्ञानोबा-तुकारामांचा, आणि पहाटे पाचच्या घड्याळाचाही. मला हा शब्द फार आवडतो. आपल्या गजरात भीती नाही, जाग आहे.

आता दिवा. द लाईट्स वेंट ऑफ, म्हणजे दिवे गेले. हा ‘बंद’वाला ऑफ आपल्याला मुख्यतः विजेच्या वस्तूंबरोबर भेटतो. बटणाच्या आत धातूचे दोन तुकडे असतात. ते एकमेकांना टेकले की वीज वाहते, दूर झाले की प्रवाह तुटतो. म्हणजे इथेही काहीतरी सुटलंच आहे, पण ते आहे जोडणी. आपल्याकडे ऑफ हा शब्द घराघरांत आला तो याच बटणांबरोबर. पंखा ऑफ कर, टीव्ही ऑफ कर. त्यामुळे मराठी कानाला ऑफ म्हणजे बंद हे इतकं पक्कं बसलंय की अलार्म वेंट ऑफ ऐकलं की हात आपोआप बटणाकडे जातो. माझ्या भाचीची चूक अज्ञानाची नव्हती. तिच्या कानात ऑफचा एकच, बटणाचा अर्थ बसला होता.

फरक ओळखायचा कसा, तर स्वतःला विचारायचं: या वस्तूचं नेहमीचं काम चालू राहणं आहे, की वेळ येईपर्यंत दबा धरून बसणं? दिवा, पंखा, हीटर, वीज यांचं काम चालू राहणं. त्यांचं काही सुटलं तर ती थांबतात. अलार्म, बंदूक, बॉम्ब, उंदराचा पिंजरा, कॅमेऱ्याचा फ्लॅश, भोंगा यांचं काम वाट पाहणं. त्यांचं काही सुटलं तर ती उसळतात. ‘द अलार्म वेंट ऑफ ॲट फाइव्ह अँड आय टर्न्ड इट ऑफ’ हे वाक्य आता वाचून पाहा: पाचला गजर सुटला आणि मी तो बंद केला. पहिला ऑफ बंदुकीचा आहे, दुसरा बटणाचा.

मेणबत्तीला मात्र ‘गो ऑफ’ लावू नका. मेणबत्ती, चूल, निरांजन यांच्यासाठी ‘गो आउट’. तिथे कुठलीही जोडणी तुटत नाही, ज्योत विझते. विजेच्या दिव्यांना दोन्ही चालतं.

परदेशात राहणाऱ्या मराठी घरांना अलार्मवाला ‘गो ऑफ’ फार लवकर पाठ होतो आणि त्याला कारण फोडणी. तिकडच्या घरांत छताला धूर ओळखणारं यंत्र असतं. कढईत मोहरी तडतडली, सुकी मिरची पडली, खिडकी उघडायला जरा उशीर झाला की ते ठणाणा करायला लागतं. भाचीच्या घरात एका रविवारी आमटीच्या फोडणीने हेच झालं आणि शेजारीण दारात येऊन म्हणाली, “डिड यू सेट इट ऑफ?” इथे जोडी बदलली. आपोआप सुटलं तर ‘गो ऑफ’, कुणी सोडलं तर ‘सेट ऑफ’. अलार्म वाजवणं, बॉम्ब उडवणं, भांडणाला तोंड फोडणं, सगळ्याला ‘सेट ऑफ’ चालतं. फटाके उडवायला ‘लेट ऑफ’ही. मराठीत सुटणे आणि सोडणे यांची जी जोडी आहे, तीच इथे ‘गो ऑफ’ आणि ‘सेट ऑफ’, ‘लेट ऑफ’ यांची आहे. बाण सुटतो, आपण बाण सोडतो. पोलिसाने दंड न करता नुसती समज देऊन जाऊ दिलं तर ‘ही लेट मी ऑफ’, म्हणजे मला सोडलं. प्रेशर कुकरने वाफ सोडावी तसं माणसाने साठलेलं बोलून टाकलं तर ‘लेट ऑफ स्टीम’. या शेवटच्या दोन्हींत ‘सोडणे’ जसंच्या तसं बसतं हे पाहून भाची फोनवर पहिल्यांदा मोकळं हसली.

दुधाकडे येऊ. द मिल्क हॅज गॉन ऑफ. दूध कशावरून सुटलं? आपल्या चांगल्या अवस्थेवरून. ताजेपण हा जणू एक ओटा आहे आणि त्यावरून वस्तू खाली घसरली. हा वापर मुख्यतः ब्रिटिश आहे. अमेरिकेत दूध ‘गोज बॅड’ किंवा ‘स्पॉइल्स’. या एका बाबतीत मराठी इंग्रजीपेक्षा कितीतरी श्रीमंत आहे. इंग्रज माणूस दूध, भाजी, मटण, लोणी सगळ्याला ‘गॉन ऑफ’ म्हणून मोकळा होतो. आपलं दूध नासतं किंवा फाटतं, वरण आंबतं, भाजी उतरते, पोळीला बुरशी येते, शेंगदाणे खवट होतात, फळ सडतं. आपण उलट दिशेने जाताना त्यातला नेमकेपणा हरवतो हे खरं, पण निदान एवढं कळतं की फ्रिजजवळ उभं राहून कुणी ‘ऑफ’ म्हणालं तर ते संपण्याबद्दल बोलत नाहीये. वास घेऊन पाहा, असं सांगतंय.

इथे मला थोडं खोल जाऊ द्या, कारण या ऑफचं आपल्याशी जुनं नातं आहे. इंग्रजीतले ‘ऑफ’ आणि ‘अव्ह’, म्हणजे ‘कप ऑफ टी’मधला, ‘गेटवे ऑफ इंडिया’मधला, हे दोन्ही मुळात एकच शब्द. जोर देऊन उच्चारला तो ‘ऑफ’ राहिला आणि घाईत, बिनजोर उच्चारला तो ‘अव्ह’ झाला. दोघं पूर्णपणे वेगळे व्हायला सतरावं शतक उजाडावं लागलं. मराठीत आपण दोन्ही ‘ऑफ’ असेच लिहितो, त्यामुळे देवनागरीत ही फुटलेली भावंडं पुन्हा एका घरात राहतात. आणि या शब्दाचं मूळ शोधत मागे गेलं की एकाच प्राचीन घराण्यात ग्रीकमधला ‘अपो’ भेटतो, लॅटिनमधला ‘अब’ भेटतो आणि संस्कृतमधला ‘अप’. आपला अप. अपहरणातला, अपव्ययातला, अपशब्दातला अप.

अपहरण म्हणजे दूर नेणं, तो साधा ‘दूर’चा अर्थ. पण अपशब्द, अपशकुन, अपकीर्ती, अपयश यांत अप म्हणजे ‘वाईट’. जागेवरून ढळलं ते बिघडलं, हा प्रवास संस्कृतात अपने केला आणि इंग्रजीत ऑफने केला. नासलेल्या दुधाला ऑफ म्हणणं आणि शिवीला अपशब्द म्हणणं यांमागे विचाराची एकच वाट आहे. हे मला पहिल्यांदा ध्यानात आलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसून राहिले होते.

ज्यांनी शाळेत संस्कृत घेतलं होतं त्यांना तो श्लोक आठवत असेल: उपसर्गामुळे धातूचा अर्थ बळजबरीने भलतीकडे नेला जातो, जसं प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार. धातू एकच, हृ, आणि पाच उपसर्गांनी त्याला पाच दिशांना नेलं. फ्रेझल व्हर्ब ही काही वेगळी गोष्ट नाही. फरक इतकाच की संस्कृतात तो छोटा शब्द पुढे येऊन धातूला चिकटला आणि इंग्रजीत तो मागे, सुटा उभा राहिला. वेदांच्या भाषेत तर उपसर्गही क्रियापदापासून दूर, वाक्यात वेगळा उभा राहू शकत असे. तेव्हा ज्या मुलाला प्रहार आणि आहार यांत घोळ होत नाही, त्याला ‘गो ऑफ’ आणि ‘गो ऑन’ झेपणार नाही असं मी मानायला तयार नाही.

पुण्या-मुंबईत जर्मन शिकणारी मुलं पुष्कळ आहेत, त्यांच्यासाठी एक पुरावा. जर्मनमध्ये बंदूक उडते किंवा अलार्म वाजतो त्याला ‘लोसगेहेन’ म्हणतात. गेहेन म्हणजे जाणे आणि लोस म्हणजे सुटं, मोकळं. इंग्रजीतल्या ‘लूज’चं भावंड. म्हणजे इंग्रजीच्या सख्ख्या शेजारणीने तर ‘सुटणे’ हा शब्द उघडउघड वापरला आहे.

दुधाच्या अगदी शेजारी अजून एक वापर आहे आणि तिथे पाय घसरतो. ‘द मिल्क हॅज गॉन ऑफ’ म्हणजे दूध नासलं. ‘आय हॅव गॉन ऑफ मिल्क’ म्हणजे मला दूध नकोसं झालं. कर्ता बदलला, दूध ऑफच्या पलीकडे गेलं आणि सगळं वाक्य फिरलं. गरोदरपणात चहाचा वास नको होतो, एखादं आवडतं गाणं ऐकून ऐकून नको होतं, एखाद्या माणसावरून मन उडतं, तिथे ब्रिटिश माणूस ‘गॉन ऑफ’ म्हणतो. मराठीत या दोन्हींना जोडणारा एक सुंदर शब्द आहे, विटणे. अन्न विटतं आणि मनही विटतं.

झोपेचा वापर, ज्याने भाचीच्या छातीत धस्स झालं, तोही ब्रिटिशच जास्त. जागेपणाच्या काठावरून माणूस अलगद सुटला. ‘नॉड ऑफ’, ‘डोझ ऑफ’, ‘ड्रॉप ऑफ’ ही सगळी त्याच घरातली. आपणही ‘झोपी गेला’ म्हणतोच की. तिथे ‘गेला’ ऐकून कुणी घाबरत नाही, कारण आधी ‘झोपी’ आहे. इंग्रजीत ते काम एकटा ऑफ करतो आणि नवख्या कानाला तो ऐकूच येत नाही, फक्त ‘गॉन’ ऐकू येतं. मृत्यूसाठी तिथे ‘पास्ड अवे’ म्हणतात, वॉर्डात तर बहुतेक वेळा स्पष्ट ‘डाइड’. हे मी तिला कागदावर लिहून समोर ठेवायला सांगितलं. काही शब्दांच्या बाबतीत अंदाजाने चालत नाही.

बाकीचे वापर ‘सुटणे’ हातात आल्यावर फारसे अडवत नाहीत. ‘शी वेंट ऑफ ऑन मी’ ही अमेरिकन धाटणी: ती माझ्यावर तोंड सोडून सुटली. हल्लीची पोरं एखाद्याला चेव आणायला ‘गो ऑफ!’ म्हणतात, तर आपण मैदानात फटकेबाजी चालू झाली की ‘आज सुटलाय हा’ म्हणतो. ‘ही वेंट ऑफ विथ माय पेन’ म्हणजे माझं पेन घेऊन चालता झाला. ‘गो ऑफ द रेल्स’ म्हणजे रुळावरून घसरणं, गाडीचं आणि माणसाचंही. ‘गो ऑफ ॲट अ टँजंट’ म्हणजे विषय सोडून भरकटणं. वर्तुळाला टेकून सरळ निघून जाणारी स्पर्शिका भूमितीत पाहिलेली असली की हे चित्र लगेच दिसतं.

एकच वापर मला नीट बसवता येत नाही: ‘द वेडिंग वेंट ऑफ वेल’, लग्न छान पार पडलं. इथे काय सुटलं? माझ्या समजुतीप्रमाणे, तयारीत अडकून राहिलेलं कार्य एकदाचं सुटलं आणि न अडखळता गेलं, किनाऱ्यावरून नाव सुटावी तसं. आपण ‘पार पडलं’ म्हणतो, म्हणजे नाव पैलतीराला लागली. इंग्रजी अलीकडचा काठ पाहते, मराठी पलीकडचा. पण हा माझा अर्थ लावणं आहे आणि कुणाला याहून चांगलं सुचलं तर मला ते हवंच आहे. याच लग्नाबद्दल ‘वेंट’ काढून ‘इज’ घातलं, ‘द वेडिंग इज ऑफ’, की मात्र लग्न मोडलं. म्हणून नातेवाइकांना निरोप देताना हे वाक्य सांभाळून.

त्या ‘इज’वाल्या ऑफचंही पाहू, कारण तोही रोज भेटतो. ‘गो ऑफ’मध्ये सुटण्याची घटना आहे, ‘इज ऑफ’मध्ये सुटल्यानंतरची स्थिती. द लाईट इज ऑफ, दिवा बंद आहे. द मिल्क इज ऑफ, दूध नासलेलं आहे. आय ॲम ऑफ टुडे, आज मला सुट्टी आहे. आणि हा ‘सुट्टी’ शब्द तरी कुठून आला? सुटण्यातूनच. फक्त अलार्मच्या बाबतीत सांभाळा: ‘द अलार्म वेंट ऑफ’ म्हणजे वाजला, पण ‘द अलार्म इज ऑफ’ म्हणजे बंद आहे. बंदुकीचा ऑफ एका क्षणाचा असतो, तो स्थिती होऊन राहत नाही. म्हणून अलार्मला नुसता ‘इज ऑफ’ लागला की तिथे बटणाचाच ऑफ उरतो. एवढा एक बारकावा वॉर्डात काम करणाऱ्या प्रत्येकीला सांगण्याजोगा आहे, कारण पंपाचा अलार्म वाजून गेला आहे की कुणी बंद करून ठेवला आहे, यात पेशंटचा जीव असतो.

भाचीने आता एक छोटी वही केली आहे. तिच्यात इंग्रजी वाक्य, शेजारी मराठी वाक्य, आणि दोन्हींतला सुटलेला किंवा सोडलेला तुकडा लाल पेनने अधोरेखित. यादी नाही, क्रमांक नाहीत. परवा रात्रपाळी संपवून बसस्टॉपवरून तिने मला आवाजी निरोप पाठवला. मागे पावसाचा आवाज येत होता. ती म्हणाली, “सहा नंबरचे आजोबा आज घरी गेले, चालत. नवीन मुलगी आलीय केरळची, तिला मी आल्या आल्या विचारलं, अलार्म वेंट ऑफ म्हणजे काय सांग बघू. ती म्हणाली, बंद पडला. मग चहा घेत बसलो आम्ही दोघी. मल्याळममध्ये सुटणेला काय म्हणतात ते ती उद्या आईला विचारून सांगणार आहे. चल मावशी, बस आली. आय ॲम ऑफ.”